उष्णता आणि ताणाने रंग बदलणारी पॉलिमर्स कशी ट्यून करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, प्रॉडक्ट डिझाइनवाले आणि लॅबमधे नव्याने या विषयात शिरलेले, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठला डाय घेऊ?" माझं मत विचाराल तर तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की डायच्या भोवती काय असणार आहे, कारण उष्णता असो की ताण, रंग देणाऱ्या रेणूपर्यंत ते पोचवायचं काम भोवतालचं पॉलिमर करतं आणि ट्यूनिंगची खरी मेहनत तिथेच असते. खालची उत्तरं वाचताना हे डोक्यात ठेवा.

रंग बदलतो म्हणजे आत नक्की काय होतं?

ढोबळमानाने दोन प्रकार. एकात रेणूच बदलतो, म्हणजे एखादी रिंग उघडते किंवा मिटते, साखळी पिळली जाते, दोन रेणू जवळ येतात नाहीतर लांब जातात, आणि त्यामुळे तो रेणू कुठला प्रकाश शोषतो ते बदलतं. दुसऱ्यात रेणू आहे तसाच राहतो, पण आतली काही शे नॅनोमीटरची नियमित रचना पसरते किंवा दबते आणि परावर्तित होणारी वेव्हलेंग्थ सरकते. पहिल्याला डायचा रंग म्हणा, दुसऱ्याला रचनेचा रंग. आपल्याला यातलं कुठलं हवंय हे आधी ठरवा, कारण दोघांचे ट्यूनिंगचे नॉब पूर्ण वेगळे आहेत.

मला अमुक एका तापमानालाच रंग जायला हवाय. ते तापमान कुठून ठरतं?

बाजारात मिळणारं बहुतेक थर्मोक्रोमिक (उष्णतेने रंग बदलणारं) पिगमेंट ल्युको डायचं, म्हणजे रंगीत आणि रंगहीन अशी दोन रूपं असलेल्या डायचं असतं आणि त्यात तीन गोष्टी असतात : डाय (उदाहरणार्थ क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन), त्याला रंग आणणारा आम्लधर्मी डेव्हलपर, आणि मेणासारखं सॉल्व्हंट. हे तिन्ही काही मायक्रॉनच्या कॅप्सूलमधे बंद केलेलं असतं. सॉल्व्हंट घट्ट असतं तोवर डाय आणि डेव्हलपर एकमेकांना धरून असतात, डायमधली लॅक्टोन नावाची रिंग उघडी राहते, रंग दिसतो. सॉल्व्हंट वितळलं की ते डेव्हलपरला आपल्याकडे ओढून घेतं, रिंग मिटते, रंग गायब. म्हणजे तापमान ठरवतं ते सॉल्व्हंट, डाय नाही! फॅटी अल्कोहोल वापरत असाल तर डोडेकॅनॉल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं, टेट्राडेकॅनॉल ३८ च्या आसपास, हेक्साडेकॅनॉल ४९, ऑक्टाडेकॅनॉल ५८-५९. मधलं तापमान हवं असेल तर दोन मिसळता येतात, पण मिश्रण एका झटक्यात वितळत नाही त्यामुळे रंगही हळूहळू जातो आणि धारदार बदल हवा असेल तर तो हातचा जातो. तेव्हा शुद्ध सॉल्व्हंटने काम भागत असेल तर मिश्रणाच्या नादी लागू नका.

गरम करताना बरोबर तापमानाला रंग गेला, पण थंड करताना बराच खाली गेल्यावर परत आला. पिगमेंट खराब आहे का?

नाही, हा हिस्टेरेसिस आहे, म्हणजे रंग जाण्याच्या आणि परत येण्याच्या तापमानातली दरी, आणि तो असणारच. कॅप्सूल इतकी लहान असते की आतल्या द्रवाला गोठायला सुरुवात करण्यासाठी पहिला कण मिळणंच अवघड जातं, म्हणून ते वितळबिंदूच्या बरंच खाली गेलं तरी द्रवच राहतं. हा पहिला कण पुरवणारा न्यूक्लिएटिंग एजंट घातला की ही दरी कमी होते. कधी कधी मात्र ही दरी मुद्दाम रुंद करतात. २००६ साली आलेल्या पायलट कंपनीच्या फ्रिक्सन पेनची शाई हे त्याचं उत्तम उदाहरण, रबराने घासल्यावर घर्षणाने ६० अंशांच्या वर तापते आणि दिसेनाशी होते, आणि परत दिसायला तिला शून्याच्या खाली दहा-वीस अंशांपर्यंत नेऊन ठेवावं लागतं. मधल्या सगळ्या पट्ट्यात ती आहे त्या अवस्थेत टिकून राहते. म्हणजे एक तापमान सांगून भागत नाही, स्पेसिफिकेशनमधे कायम दोन लिहा, रंग जाण्याचं आणि रंग परत येण्याचं.

तेच पिगमेंट प्लास्टिकमधे घालून मोल्ड केलं तर फिकं पडलं.

कॅप्सूल फुटल्या असणार. एक्स्ट्रुडरमधल्या (प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रातल्या) शिअरने, म्हणजे रगडण्याने, कवच फाटतं, सॉल्व्हंट आजूबाजूच्या पॉलिमरमधे मुरतं आणि त्या तिघांची जोडी कायमची मोडते. कमी तापमानाला वाहणारं पॉलिमर घ्या, स्क्रूचा वेग कमी ठेवा, मटेरियल बॅरलमधे उगाच रेंगाळू देऊ नका, आणि पिगमेंट शेवटच्या टप्प्यावर घाला. आणखी एक बघा, पारदर्शक पॉलिमरमधे थोडं पिगमेंट पुरतं, दुधी पॉलिमरमधे तेवढंच घातलं तर रंग दबून जातो.

पॉलिडायअ‍ॅसिटिलीनबद्दल एवढं कौतुकाने का बोलतात?

कारण तिथे पॉलिमर आणि डाय एकच आहे. डायअ‍ॅसिटिलीनचे रेणू क्रिस्टलमधे बरोबर अंतरावर आणि बरोबर कोनात रचलेले असले की २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली ते जागच्या जागी जोडले जातात, कॅटॅलिस्ट नको, इनिशिएटर नको. हे १९६९ मधे जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड वेग्नर यांनी दाखवलं. पांढरी पावडर बघता बघता गडद निळी होते, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खरंच वाटत नाही. त्या निळ्या रूपाचं शोषण ६४० नॅनोमीटरच्या आसपास असतं. तापवलं, घासलं, खरवडलं की मुख्य साखळी किंचित पिळली जाते, शोषण ५४० च्या आसपास सरकतं आणि निळ्याचं लाल होतं, वर लाल रूप फ्लुरोसन्ट (प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश देणारं) असतं आणि निळं जवळजवळ नसतंच, त्यामुळे बारीकसा बदलसुद्धा फ्लुरोसन्सने पकडता येतो.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा मोनोमर (ज्याचे रेणू जोडून पॉलिमर बनतं तो) म्हणजे पेंटाकोसाडायइनोइक अ‍ॅसिड. त्याचं निळं ६० अंशांच्या वर लाल व्हायला लागतं. याचे नॉब तीन. बाजूची अल्किल (कार्बन-हायड्रोजनची) साखळी आखूड केली की तापमान खाली येतं, कारण साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल होते. टोकाच्या ग्रुपमधे हायड्रोजन बाँड वाढवले, अमाइड घातलं किंवा अ‍ॅरोमॅटिक रिंग बसवली, तर तापमान वर जातं. तिसरा नॉब यूव्हीचा डोस, याच्याकडे लोक लक्ष देत नाहीत. जास्त वेळ दिव्याखाली ठेवलं तर काही भाग यूव्हीनेच लाल व्हायला लागतो आणि मग तापमानाची सगळी मोजणी गढूळ होते, म्हणून डोस एकदा ठरवा आणि प्रत्येक नमुन्याला तोच द्या.

माझं पॉलिडायअ‍ॅसिटिलीन एकदा लाल झालं की निळं होत नाही.

साध्या अ‍ॅसिडवाल्या मोनोमरचं असंच असतं, तापल्यावर टोकाकडचे हायड्रोजन बाँड विस्कटतात आणि थंड झाल्यावर परत जागेवर बसत नाहीत. उलटसुलट होणारं हवं असेल तर टोकं घट्ट बांधावी लागतात, एकतर जास्त मजबूत हायड्रोजन बाँडचं जाळं किंवा झिंकसारखे आयन. मग तापल्यावर साखळी पिळली तरी टोकं तिला मूळ जागी खेचून आणतात. पण परत न येणं हा दोष आहे असं समजू नका. एखादा माल प्रवासात मधेच कधीतरी तापला होता का हे नंतर कळायला हवं असेल तर लाल झालेलं लालच राहिलेलं बरं, परत निळं होणारं लेबल तिथे काय कामाचं?

ताण दिला की रंग येतो म्हणजे काय होतं?

इथे मेकॅनोफोर येतात, म्हणजे ठराविक बलाला ठराविक जागीच तुटणारे किंवा उघडणारे रेणू. यातला सगळ्यात प्रसिद्ध स्पायरोपायरन. २००९ मधे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन इथल्या गटाने तो पॉलिमिथाइल अ‍ॅक्रिलेट आणि पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) यांच्या साखळीत गुंफला आणि ओढल्यावर, दाबल्यावर घन पॉलिमरमधे रंग येतो हे दाखवलं. स्पायरो जागेवरचा कार्बन-ऑक्सिजन बाँड तुटतो, रिंग उघडते, रंगहीन स्पायरोपायरनचं जांभळट-लाल मेरोसायनिन होतं. साध्या प्रकाशात ठेवलं की ते हळूहळू मिटतं आणि रंग जातो.

नेमकं घोडं कुठे पेंड खातं, तर जोडणीत. स्पायरोपायरन पॉलिमरमधे नुसतं मिसळून चालत नाही, केमिकली जोडावं लागतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी, असं की ओढणारं बल त्या कार्बन-ऑक्सिजन बाँडच्या आरपार जाईल. एकाच टोकाने लटकवलेला रेणू साखळीबरोबर फिरतो पण त्याच्यावर ताण येत नाही. म्हणूनच कंट्रोल नमुना, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, म्हणून हाच वापरायचा, एका टोकाने जोडलेला. कंट्रोलमधेही रंग आला तर समजा की रंग उष्णतेने किंवा प्रकाशाने आलाय, ताणाने नाही. कंट्रोल न करता लावलेल्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

रंग येतो, पण नमुना तुटायच्या बेतात आल्यावर. अलीकडे कसा आणायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर जवळजवळ पूर्णपणे पॉलिमरमधे आहे. एका रेणूला उघडायला काहीशे पिकोन्यूटन पुरतात, साधा कार्बन-कार्बन बाँड तोडायला काही नॅनोन्यूटन लागतात, म्हणजे मेकॅनोफोर कमकुवतच आहे. अडचण अशी की आपण बाहेरून लावलेलं बल सगळ्या साखळ्यांमधे सारखं वाटलं जात नाही. बहुतेक साखळ्या नुसत्या घसरतात, उलगडतात, आणि फार थोड्या खरोखर ताठ होतात. रंग फक्त त्या ताठ झालेल्यांकडून येतो.

तर काय करायचं? मेकॅनोफोर साखळीच्या टोकाला न ठेवता मध्यावर ठेवा, किंवा सरळ क्रॉसलिंकर (साखळ्यांना एकमेकींशी बांधणारा दुवा) म्हणून वापरा, म्हणजे नेटवर्क ताणलं गेलं की तो त्यात अडकलेलाच असेल. साखळ्या लांब ठेवा, आखूड साखळ्यांचा गुंता होत नाही आणि त्या ताण न घेताच निसटतात. क्रॉसलिंक वाढवले तर रंग कमी स्ट्रेनला (मूळ लांबीच्या मानाने कमी ताणलेलं असताना) येतो, पण मटेरियल ठिसूळ होत जातं आणि एका टप्प्यापुढे रंग यायच्या आधीच तुटतं, त्यामुळे तीन-चार वेगवेगळ्या क्रॉसलिंक घनतेचे नमुने एकदमच करून बघितलेले बरे. ग्लास ट्रान्झिशनही, म्हणजे ज्या तापमानाच्या वर साखळ्या मोकळ्या होतात तेही बघा. पीएमएमएचं साधारण १०५ अंश आहे, खोलीच्या तापमानाला साखळ्या गोठलेल्या असतात, त्यामुळे यील्डच्या (मटेरियल कायमचं ताणलं जायला लागतं त्या बिंदूच्या) आसपास साखळ्या हलायला लागेपर्यंत रंग फारसा दिसत नाही. थोडा प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ) घातला की साखळ्या मोकळ्या होतात आणि रंग सुधारतो. फार घातला तर मात्र त्या इतक्या मोकळ्या होतात की ताण साठतच नाही. मेकॅनोफोरचं प्रमाण वाढवणं हा उपाय मी सगळ्यात शेवटी ठेवीन, कारण त्याने रंग गडद होतो पण सुरू व्हायचा बिंदू तिथेच राहतो.

रंगाची छटा भोवतालच्या ध्रुवीयतेवरही अवलंबून असते. ध्रुवीय पॉलिमरमधे मेरोसायनिन लालसर दिसतं, कमी ध्रुवीयमधे निळसर, आणि ध्रुवीयमधे ते जास्त वेळ टिकतंही. स्पायरोपायरन जमत नसेल तर ऱ्होडामिन, नॅफ्थोपायरन हे पर्याय आहेतच, आणि डायअरिलबायबेन्झोफ्युरॅनोन नावाचा एक भारी रेणू आहे जो मधोमध तुटून निळे रॅडिकल देतो आणि सोडल्यावर ते आपोआप परत जोडले जातात.

उष्णतेचा रंग आणि ताणाचा रंग वेगवेगळा ओळखता येईल का?

येतो, पण आधी हे मान्य करावं लागतं की रेणूच्या दृष्टीने दोन्ही एकाच अडथळ्यावर काम करतात. रिंग उघडायला एक ऊर्जेची टेकडी चढावी लागते. उष्णता रेणूला वर ढकलते, बल ती टेकडीच खाली दाबतं. समजा २०० पिकोन्यूटन बल आहे आणि उघडताना बाँड त्या दिशेला ०.२ नॅनोमीटर सरकतो, तर झालेलं काम ४० पिकोन्यूटन-नॅनोमीटर. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा ४.१ च्या आसपास, म्हणजे काम तिच्या जवळजवळ दहापट, आणि हा आकडा घातांकात बसतो म्हणून उघडण्याचा वेग सतरा हजार पटींच्या आसपास वाढतो. आता याच हिशोबात तापमान वाढवा, वेग तिथूनही वाढतोच. म्हणून "अमुक ताणाला रंग येतो" हे वाक्य तापमान आणि ओढण्याचा वेग सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. हळू ओढलं तर कमी ताणालाही रेणूला उघडायला वेळ मिळतो. आणि झटकन ओढलं तर पॉलिमर स्वतःच तापतं, प्लास्टिकची पट्टी ओढून मान पडते, म्हणजे एका जागी बारीक होते, तिथे लगेच बोट लावून बघा, कोमट लागते.

वेगळं ओळखायचं असेल तर एकाच पट्टीवर दोन यंत्रणा ठेवा. ताणासाठी रचनेचा रंग आणि उष्णतेसाठी ल्युको डाय ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते, का ते पुढच्या उत्तरात येतं. दुसरा मार्ग म्हणजे शेजारी एक तुकडा असा चिकटवायचा की त्याला तापमान मिळेल पण ताण मिळणार नाही, आणि दोघांची तुलना करायची. एकाच डायकडून दोन्ही वाचायचा हट्ट करू नका.

डाय न घालता रंग कसा मिळतो आणि तो ट्यून कसा करतात?

आतल्या थरांचं अंतर, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (पदार्थ प्रकाश किती वळवतो तो आकडा) आणि बघण्याचा कोन, या तिघांवर हा रंग ठरतो. साधारण २०० नॅनोमीटरचे गोल कण रबरात नियमित रचले की पॉलिमर ओपल होतो. कोलेस्टेरिक लिक्विड क्रिस्टल इलास्टोमरमधे (लिक्विड क्रिस्टलच्या रबरात) कणांऐवजी रेणूंचा पीळ असतो आणि त्या पिळाची लांबी गुणिले इंडेक्स बरोबर परावर्तित वेव्हलेंग्थ. पिळाची लांबी कायरल डोपंटच्या (पीळ आणण्यासाठी घातलेल्या रेणूच्या) प्रमाणावर ठरते, जास्त डोपंट म्हणजे घट्ट पीळ आणि निळ्याकडे झुकणारा रंग.

ताणल्यावर काय होईल याचा हिशोब कागदावर करता येतो हे मला यातलं सगळ्यात आवडतं. रबराचं आकारमान बदलत नाही असं धरलं तर लांबी जितक्या पटीने वाढते तिच्या वर्गमुळाने जाडी कमी होते, आणि थरांचं अंतर व परावर्तित वेव्हलेंग्थही त्याच प्रमाणात. विश्रांतीत ६५० नॅनोमीटर, म्हणजे लाल. २५ टक्के ताणलं की ५८० च्या आसपास, पिवळा. ५० टक्क्यांना ५३० च्या आसपास, हिरवा. दुप्पट लांबीला ४६०, निळा. प्रत्यक्षात लिक्विड क्रिस्टलचे रेणू ताणाच्या दिशेने वळतात त्यामुळे आकडे थोडे सरकतात, पण सुरुवातीच्या डिझाइनला हे पुरतं. याच हिशोबाने उलटंही जाता येतं, म्हणजे तुमच्या वस्तूला जास्तीत जास्त ३० टक्के ताण येणार असेल तर धोक्याचा रंग तिथे येईल असा विश्रांतीतला रंग निवडायचा.

निसर्गात पँथर शॅमेलिऑन हा रंग बदलणारा सरडा हेच करतो. त्याच्या त्वचेतल्या ग्वानिनच्या नॅनोक्रिस्टलमधलं अंतर वाढलं की हिरव्याचा पिवळा-केशरी होतो, हे २०१५ मधे जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं.

आता वर सांगितलेली जोडी का, तर साध्या सिलिकोन किंवा अ‍ॅक्रिलिक रबरात तापमानाने रंग फारसा हलत नाही. गरम झाल्यावर अंतर वाढतं पण इंडेक्स कमी होतो, आणि दोन्ही एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. त्यामुळे दिसतो तो जवळजवळ शुद्ध ताण.

मग रचनेच्या रंगाला उष्णतेने बदलायचं असेल तर?

हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं वापरा. पॉली-एन-आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलअमाइड पाण्यात ३२ अंशांच्या वर आक्रसतं आणि रंग निळ्याकडे जातो. थोडं अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड घातलं तर आक्रसायचं तापमान वर सरकतं, पाण्याला टाळणारा मोनोमर घातला तर खाली. पाणी सुकलं की मात्र खेळ संपला, त्यामुळे सील करावंच लागतं.

मला फक्त तडा गेलाय का एवढंच हवंय.

मग मेकॅनोफोरची गरजच नाही. इपॉक्सीच्या थरात डाय भरलेल्या मायक्रोकॅप्सूल घाला. डायक्लोरोफ्लुरोसिनचं द्रावण भरलेली कॅप्सूल तडा गेल्यावर फुटते, इपॉक्सीतल्या उरलेल्या अमाइनशी संयोग होतो आणि फिक्या पिवळ्याचा लाल होतो. स्वस्त आणि सोपं. एकदाच चालतं.

रंग मोजायचा कसा? फोनचा कॅमेरा चालेल का?

ट्रेंड बघायला चालेल, पण ऑटो व्हाइट बॅलन्स आणि ऑटो एक्स्पोजर बंद करा, नमुन्याशेजारी राखाडी कार्ड ठेवा, प्रकाश एकच ठेवा, नाहीतर कॅमेरा स्वतःच रंग सुधारून देतो. नीट काम करायचं असेल तर हॉट स्टेज (नमुना तापवणारं बैठक-यंत्र) बसवलेला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर, आणि तापमानाच्या बाजूने डीएससी, म्हणजे वितळताना-गोठताना नमुना किती उष्णता घेतो-देतो ते मोजणारं यंत्र. डीएससीतला वितळण्याचा पीक आणि रंग जाण्याचं तापमान जुळत नसेल तर कॅप्सूलमधे काहीतरी गडबड आहे. ताणासाठी टेन्साईल मशीनवर नमुना ओढताना व्हिडिओ घ्या आणि प्रत्येक फ्रेमला तिथला स्ट्रेन जोडा. मान पडलेल्या जागचा स्ट्रेन मशीनच्या सरासरी आकड्याहून कितीतरी जास्त असतो, म्हणून नमुन्यावर आधी बारीक ठिपके काढून ठेवा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा.

उन्हात किती टिकेल?

ल्युको डाय आणि स्पायरोपायरन दोन्ही उन्हाला कच्चे आहेत. वरून यूव्ही अडवणारा थर द्या आणि ऑक्सिजन जमेल तेवढा दूर ठेवा. स्पायरोपायरनला तर यूव्ही नुसता रंगवतोच, त्यामुळे यूव्ही क्युअरिंगच्या (यूव्हीने घट्ट होणाऱ्या) रेझिनमधे ते घालायच्या आधी दहा वेळा विचार करा. रचनेच्या रंगात फिकं पडायला डायच नसतो, बाहेरच्या वापराला मी तोच सुचवेन.

सुरक्षिततेचं काय?

जुन्या ल्युको फॉर्म्युल्यांमधे डेव्हलपर म्हणून बिस्फेनॉल ए असायचा आणि तो हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतो. अन्नाशी किंवा लहान मुलांशी संबंध येणार असेल तर पुरवठादाराकडून डेव्हलपर कुठला आहे ते लेखी घ्या. २५४ नॅनोमीटरच्या दिव्यासमोर डोळे आणि त्वचा झाकूनच काम करा.

लाल-हिरवा बदल सगळ्यात उठून दिसतो ना? तोच ठेवू का?

धोक्याच्या सूचनेसाठी नको. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं भरपूर आहेत आणि त्यांना तो इशारा पोचणारच नाही. निळ्यावरून लाल किंवा गडदवरून रंगहीन असा बदल घ्या, ज्यात रंगाबरोबर उजळपणाही बदलतो. तपासायची सोपी पद्धत म्हणजे आधीचा आणि नंतरचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून शेजारी ठेवा, तिथेही फरक एका नजरेत दिसला तर ती जोडी पक्की करा. नाही दिसला तर खाली पांढऱ्याऐवजी पिवळा किंवा काळा थर देऊन बघा, ल्युको पिगमेंट रंगहीन झालं की खालचा रंग वर येतो आणि एवढ्याने बऱ्याचदा काम होतं.